मीठ कोणाचं? भाऊंच्या कार्यकर्त्यांना एक खुलं पत्र

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि भाऊंच्या निवडणुकीसाठी रात्रंदिवस झटणाऱ्या माझ्या मुलांनो,

सप्रेम नमस्कार.

‘मुलांनो’ म्हणायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. तुमच्यातल्या निम्म्यांना मी सातवी-आठवीत गणित शिकवलंय आणि उरलेल्यांनी माझ्या अंगणातल्या जांभळावर दगड मारलेत.

गेल्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये आपल्या वॉर्डाचे पार्षद असलेल्या भाऊंशी ‘मनमोकळा संवाद’ होता. पत्रिकेवर तसंच छापलं होतं. वेळ साडेपाचची, दीप लागला सव्वासहाला, म्हणजे इंदूरच्या मानाने वेळेवरच. मग शाल, श्रीफळ, हार. चौघांनी उचलून धरलेला तो अजगरासारखा हार भाऊंच्या आणि त्यांच्या मागे दाटीवाटीने उभ्या असलेल्या सहा जणांच्या गळ्यात एकदमच पडला, त्याचा फोटो छान आलाय. त्यानंतर पाच जणांनी भाऊंवर भाषणं केली. मी घड्याळ लावून बसले होते, जुनी खोड. सत्तर मिनिटं. एकाने तर भाऊंना थेट शिवरायांच्या शेजारी नेऊन बसवलं. तेव्हा खुद्द भाऊ मान खाली घालून ओशाळवाणं हसले. ते मी पाहिलं आणि मला बरं वाटलं.

संवादाला उरली दहा मिनिटं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते, तसा मी दिला. तीन चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. पहिलीत होतं, भाऊ, एवढी ऊर्जा कुठून आणता? दुसरीत, भाऊ, तरुणांना काय संदेश द्याल? तिसरी याच दोघींची धाकटी बहीण होती. माझी चिठ्ठी कुणाच्या तरी खिशात गेली. म्हणून मी उभी राहिले आणि जवळच्या मुलाकडून माइक मागून घेतला. “भाऊ, आपल्या मागच्या गल्लीत गेल्या वर्षी ड्रेनेजची लाइन टाकली, तेव्हापासून रस्ता तीनदा...” एवढ्यात माइक बंद. मग तुमच्यातला एक जण आला आणि आजीच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा हळूच तो माझ्या हातातून काढून घेऊन म्हणाला, “काकू, आज आनंदाचा दिवस आहे ना!”

मी बसले. नंतर बाहेर साबुदाण्याची खिचडी होती, ती फर्मास झाली होती, त्याबद्दल तक्रार नाही. प्लेट हातात धरून चार जण एकेक करून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “बरं झालं विचारलंत.” चौघंही कुजबुजत. रात्री व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “काकूंना कुणी पाठवलं होतं त्याचा शोध घ्यावा.” सकाळी मी ग्रुपमध्ये नव्हते.

शोधाचे कष्ट वाचवते. मला कुणी पाठवलं नव्हतं. मला भाऊ आवडतात म्हणून मी आले होते.

ते का आवडतात तेही सांगते, म्हणजे पुढचं वाचताना शंका राहणार नाही. २०२१ च्या एप्रिलात आमच्या शेजारी रात्री दोन वाजता ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन हाच माणूस आला होता, मागे एका पोराला सिलिंडर धरून बसवून, स्वतः स्कूटर चालवत. त्याची स्वतःची बायको तेव्हा तापाने फणफणली होती. भाऊ फोन उचलतात. बागेतला तुटका झोपाळा त्यांनी आठ दिवसांत बदलला. बोलताना समोरच्याचं वय पाहतात. गेल्या वेळी माझं मत त्यांना होतं, आणि या वेळीही बहुतेक त्यांनाच देईन.

‘बहुतेक’ हा शब्द वाचून तुमच्यातल्या काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. हे पत्र त्या आठीबद्दल आहे.

आपल्या शहरात राजकारण नात्यानं चालतं. पुण्याहून आलेले पाहुणे ‘नगरसेवक’ म्हणतात तेव्हा आपल्याला तो शब्द कोरडा वाटतो. आपल्याकडे तो पार्षद, आणि पार्षद म्हणजे आधी भिया किंवा भाऊ. वर गेलं की ताई, भाई, मामा. तिकडे ग्वाल्हेरात तर थेट महाराज. कितीतरी वर्षं इंदूरच्या बातम्या ‘ताई आणि भाई’, म्हणजे सुमित्रा महाजन आणि कैलास विजयवर्गीय, या दोन शब्दांवर निघाल्या. परगावच्या माणसाला वाटावं, कुणाच्या घरचा वाटणीचा खटला चाललाय. या हाकांमध्ये माया आहे, ती खोटी नाही. पण एकदा ‘भाऊ’ म्हटलं की प्रश्न विचारणं म्हणजे घरात तोंड वर करून बोलणं, अशी काहीतरी सोयीची समजूत आपण करून घेतलीय. मला सख्खा भाऊ आहे. त्याने घराच्या मागची मोरी वर्षभर तुंबत ठेवली असती आणि मी विचारल्यावर कुणी माझ्या हातातलं काही काढून घेतलं असतं, तर त्या घरात त्या दिवशी जेवण झालं नसतं. नातं खरं असेल तर बोलणी खावी लागतात. जावयाचं फक्त कौतुक होतं, आणि तेही तो घरी परत गेला की थांबतं.

सुमित्राताईंची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल, नसेल तर असायला हवी. १९८९ पासून सलग आठ वेळा ताई इथून लोकसभेवर गेल्या, शेवटची पाच वर्षं तर सभापती होत्या. २०१९ च्या एप्रिलात उमेदवार ठरायला उशीर होत होता, तेव्हा त्यांनी स्वतः जाहीर पत्र काढून आपल्या पक्षाला विचारलं की इंदूरचं नाव अजून का येत नाही, संकोच वाटत असेल तर मीच लढत नाही. म्हणजे आपल्याच माणसांना खुलं पत्र लिहायची रीत काही या काकूने सुरू केलेली नाही. पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतरची, जूनमधली. एका कार्यक्रमात ताई बोलून गेल्या की राज्यात आपल्याच पक्षाचं सरकार असल्यामुळे इंदूरच्या प्रश्नांवर त्यांना उघड बोलता येत नसे, पक्षाची शिस्त आड यायची. म्हणून त्या काँग्रेसच्या जितू पटवारींना आणि तुलसी सिलावटांना सांगायच्या, हा विषय तुम्ही उचला, पुढे मुख्यमंत्री शिवराजसिंहांशी मी बोलते.

ते वाचून लोक हसले होते. मला हसू आलं नाही. आठ वेळा निवडून आलेली बाई, लोकसभेत पाचशेच्या वर खासदारांना ‘बसा खाली’ म्हणणारी, तिला स्वतःच्या शहराचं गाऱ्हाणं मांडायला समोरच्या बाकावरचा आवाज उसना घ्यावा लागला. तिच्या पाठीशी लाखो मतं होती. त्यातल्या शंभर जणांनी जरी चारचौघांत विचारलं असतं की ताई, आमचं अमुक का अडलंय, तर त्या शंभर जणांकडे बोट दाखवून त्यांना भोपाळला बोलता आलं असतं. आम्ही विचारलं नाही, कारण त्या आमच्या ताई होत्या. (सिलावट पुढे २०२० मध्ये ताईंच्याच पक्षात आले. म्हणजे उसना आवाज मिळायची एक खिडकी तीही बंद झाली.)

आता मिठाचं. ग्रुपवर एकाने सिलिंडरची आठवण देऊन लिहिलं होतं, “खाल्ल्या मिठाला जागावं.” मी काढली जाण्याआधी वाचलेला तो शेवटचा मेसेज. तो लागला मला, आणि चार दिवस डोक्यात घोळला.

आपण इंदूरचे मराठी. आपले खापरपणजोबा होळकरांच्या चाकरीत इकडे आले. कुणी शिलेदार, कुणी कारकून, कुणी पूजा सांगायला, आमच्याकडचे तर मुदपाकखान्यात होते म्हणतात. त्यांनी सरकारचं मीठ खाल्लं आणि ते जागले. त्यांचं बरोबर होतं. तनखा सरकारच्या हातून यायचा, मर्जी गेली की चूल विझायची. ते राज्य १९४८ साली मध्य भारतात विलीन झालं. ही म्हण मात्र विलीन व्हायची राहून गेली.

तेव्हा आज कोण कोणाचं मीठ खातंय ते जरा वहीत मांडू. मालमत्ता कर मी भरते. पाण्याचे, कचऱ्याचे पैसे मी भरते. माझ्यासारखे वॉर्डातले हजारो लोक भरतात, आणि शहरात असे पंच्याऐंशी वॉर्ड आहेत. त्यातून रस्ता होतो, लाइन पडते, आणि पार्षदांचं मानधनही निघतं. बागेतल्या बाकावर ‘भाऊंच्या सौजन्याने’ असं रंगवलंय. गणिताची बाई म्हणून विचारते, ते सौजन्य कुणाच्या खात्यावर पडलं? मीठ आमचं आहे, मुलांनो. जागायचं कुणी, ते तुम्हीच सोडवा. हे उदाहरण सातवीचं आहे.

सिलिंडर मात्र भाऊंनी आपल्या खिशातून आणला होता. त्याचे उपकार आहेत, मी मानते, त्या घरातले तर जन्मभर मानतील. ते भाऊ नावाच्या माणसाचे उपकार. त्याच्या घरी कार्य असेल तेव्हा मी शंभर पुरणपोळ्या लाटायला जाईन. मागच्या गल्लीत उतू जाणाऱ्या ड्रेनेजच्या चेंबरचा प्रश्न पार्षदाला आहे, आणि तो पुरणपोळ्यांनी फिटत नाही.

याच जागी तुम्हाला अहिल्याबाईंचं सांगायला हवं. दर वर्षी जयंतीला तुम्ही राजवाड्यासमोरच्या पुतळ्याला हार घालता, फोटो ग्रुपवर येतात. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी महेश्वरहून कारभार केला. त्यांच्यामागे काही वर्षांनी जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी माळव्यात आला, त्याने जुन्या माणसांना विचारून विचारून माहिती गोळा केली आणि मध्य भारतावरचा मोठा ग्रंथ १८२३ मध्ये छापला. त्याला अहिल्याबाईंची भाटगिरी करायचं काही कारण नव्हतं. तो लिहितो, बाई रोज दरबारात बसून स्वतः गाऱ्हाणी ऐकत. आणि पुढे लिहितो की एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा एक ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, मी दुबळी, पापी बाई, एवढ्या स्तुतीला कुठली पात्र. आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला. त्या ब्राह्मणाकडे त्यांनी नंतर लक्षही दिलं नाही.

मला त्या ब्राह्मणाचं थोडं वाईट वाटतं. बिचाऱ्याने किती रात्री जागून श्लोक जुळवले असतील, बिदागीचे हिशेब मनात केले असतील. पण बघा, जिला कुणी मत देऊन बसवलं नव्हतं आणि कुणी मत देऊन उठवणारही नव्हतं, तिने गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि स्तुती पाण्यात सोडली. आपण रविवारी बरोबर उलटं केलं. ती सत्तर मिनिटांची भाषणंही नर्मदेत सोडा म्हटलं असतं, पण आपली नर्मदा एक दिवसाआड नळातून येते, कुठेतरी फिल्टरमध्ये अडकायची.

महू इथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. १४ एप्रिलला तुम्हीच मंडळातर्फे बस काढता आणि बाबासाहेबांच्या जन्मस्थळी जाऊन येता, त्याचं मला कौतुक आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते बोलले की धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे वाक्य आता पोस्टरवर असतं, म्हणून कुणी वाचत नाही. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. हे बोलले तेव्हा ते विरोधी बाकावर नव्हते, नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री होते. सत्तेत बसलेला माणूस सत्तेवर बसलेल्यांना देव करू नका म्हणून सांगत होता. १९५१ मध्ये पटलं नाही तेव्हा राजीनामा देऊन बाहेरही पडले.

आता तुमचे आक्षेप. रविवारनंतर तिघा-चौघांनी घरी येऊन, फोन करून माझी समजूत घातली, त्यामुळे ते मला पाठ झालेत.

सगळ्यांचा लाडका आक्षेप: काकू, एकांतात सांगायचं होतं, चारचौघांत कशाला? मुलांनो, तीनदा सांगितलं. एकदा फोनवर, एकदा बागेत, एकदा हळदीकुंकवाला आलेल्या वहिनींच्या हाती चिठ्ठी दिली. प्रत्येक वेळी भाऊ म्हणाले, “बघतो काकू.” मनापासून म्हणाले असतील. पण एकांतात सांगितलेलं गाऱ्हाणं ही विनंती असते. भाऊंनी काम केलं तर माझ्यावर मेहेरबानी, नाही केलं तर विसरले बिचारे, किती व्याप त्यांना. चारचौघांत विचारलं की उत्तर द्यावं लागतं, ते दोनशे माणसं ऐकतात, त्यातल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये राहतं. तेच मला हवं होतं. भाऊंनाही तेच हवं असायला पाहिजे. ठेकेदारासमोर उभं राहताना “हॉलभर लोकांना शब्द दिलाय” असं म्हणता येणं ही पार्षदाच्या हातातली काठी आहे. ती काठी तुम्ही माइकबरोबर काढून घेतलीत.

दुसरा आक्षेप, समोरचे फायदा घेतील. घेतलाच. मंगळवारी समोरच्या पक्षाचा एक मुलगा आमच्या गल्लीत येऊन उतू जाणाऱ्या चेंबरचा व्हिडिओ काढून गेला, मागे वाजणारं गाणं मोठं दुःखी होतं. चेंबर काही मी सभेत आणला नव्हता, तो गल्लीतच आहे, सगळ्यांना दिसतो, वासही येतो. रविवारी मी विचारलं असतं आणि भाऊंनी सांगितलं असतं की हो, काम खराब झालंय, ठेकेदाराची अमुक महिन्यापर्यंत दुरुस्तीची जबाबदारी आहे, त्याचं शेवटचं बिल मी अडवून धरलंय, तर मंगळवारच्या व्हिडिओला उत्तर आधीच तयार असतं. आता भाऊ बुधवारपासून खुलासे देतायत.

आणि ‘टीका करायची तर मग समोरच्यांनाच मत द्या’ हे जे एकाने सुनावलं, त्याला मी काय म्हणू? आपल्या सानंद संस्थेचं नाटक सुटल्यावर पार्किंगमध्ये आपण काय करतो ते आठवा. दुसरा अंक ढेपाळला, नायिकेचे उच्चार मुंबईचे, नेपथ्यात यंदा कंजुशी केलीय. गाडी निघेपर्यंत नाटकाची चामडी सोललेली असते. आणि पुढच्या प्रयोगाला पहिल्या पाच रांगांतल्या जागांसाठी आपणच धडपडतो. ज्याला नाटकच आवडत नाही तो घरी बसून क्रिकेट बघतो, तो कधी दुसऱ्या अंकाबद्दल बोलत नाही. विरोधी पक्षाचा माणूस भाऊंना नावं ठेवतो तेव्हा भाऊ ऐकतही नाहीत, ऐकायचं कारणही नाही, त्याचं ते कामच आहे. माझं ऐकताना त्यांची झोप उडू शकते, कारण मी त्यांची आहे.

एक आक्षेप मात्र मोठा आहे, तो इंदूरचा म्हणून. कुणी काही बोललं की ‘शहराची बदनामी’. २०१७ पासून स्वच्छतेत आपण देशात पहिले, आणि मला त्याचा अभिमान आहे. ओला-सुका कचरा वेगळा करायला मी माझ्या नवऱ्याला शिकवलंय, ही काही लहान गोष्ट नाही. पण त्या अभिमानाचाही एक देव झालाय आणि त्याच्यासमोर बोलायचं नाही असा नियम झालाय. ३० मार्च २०२३, रामनवमीचा दिवस. पटेल नगरातल्या मंदिरात जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब खचला आणि छत्तीस माणसं गेली. तिथल्या बेकायदा बांधकामाबद्दल रहिवाशांनी आधी तक्रारी केल्या होत्या. नोटीसही निघाली होती. तिच्या उत्तरात धार्मिक भावना दुखावण्याचा मुद्दा आला, आणि कारवाई तिथेच राहिली. त्या रहिवाशांनाही कुणीतरी म्हटलंच असेल, कशाला उगाच. यावर मी जास्त लिहीत नाही, माझ्याने लिहवत नाही.

तुम्ही माझा माइक काढून घेतलात म्हणून मी रागावलेय असं समजू नका. रागावले होते, पण घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर एक जुनी गोष्ट वर आली आणि राग माझ्याकडेच वळला.

१९८८-८९ ची गोष्ट असेल. मी तरुण शिक्षिका. एका मोठ्या नेत्याचं भाषण होतं. त्याचं नाव घेत नाही, तेव्हा माझ्या पर्समध्ये त्याचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो असायचा एवढं सांगते. काय बोलायचा तो! भाषण संपल्यावर मागून एक माणूस उभा राहिला, अंगात मिलच्या पाळीचे कपडे, आणि विचारू लागला की मिलच्या पीएफचे पैसे भरले जात नाहीयेत, त्याचं काय? सभा चिडली. “बसा हो खाली,” असं जे पाच-पंचवीस आवाज उठले त्यात माझाही होता. चांगला खणखणीत, वर्गात कमावलेला. तो बसला. दोन-तीन वर्षांत ती मिल बंद पडली. आणि एके दिवशी माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाचा दाखला न्यायला त्याचे वडील आले, तर तोच माणूस. त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे. मुलाला किराण्याच्या दुकानात लावलं होतं. मी दाखल्यावर ‘वर्तणूक उत्तम’ लिहिलं आणि सही केली.

त्याने विचारलं असतं तर मिल वाचली असती असं मी म्हणत नाही. मिला का बंद पडल्या त्याची कारणं एका सभेत मावणारी नाहीत. पण पीएफ भरला जात नव्हता हे त्या नेत्याला त्या दिवशी दोन हजार लोकांपुढे ऐकावं लागलं असतं. आम्ही, त्याच्यावर जीव टाकणाऱ्यांनी, त्याला त्यातून सोडवलं.

माझे वडील बरे होते. १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूर रस्त्यावर उतरलं, विद्यार्थी, दुकानदार, सगळ्या पक्षांचे लोक. सरकार तेव्हा काँग्रेसचं आणि बाबा हाडाचे काँग्रेसवाले, दिवाणखान्यात नेहरूंची तसबीर. तरी ऑफिसातून अर्धी रजा टाकून मोर्चाला गेले. आजी म्हणाली, अरे, आपल्याच सरकारच्या विरुद्ध? बाबा म्हणाले, आपलं आहे म्हणून तर जातोय, दुसऱ्याच्या दारात कोण ओरडतं. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून डोंगर चढवून नर्मदा इंदुरात आली ती १९७८ साली. पहिल्या दिवशी बाबांनी नळाला हळदकुंकू लावलं. मत ते मरेपर्यंत काँग्रेसलाच देत राहिले, त्यावरून आमची भांडणं व्हायची, पण ते वेगळं.

ज्यांना मोर्चात जाता येत नाही आणि सभेत बोलू दिलं जात नाही, ते काय करतात तेही आपण पाहिलंय. २०२४ च्या लोकसभेला अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली आणि निवडणुकीतली हवाच गेली. निकालात जिंकलेल्या उमेदवाराला १२ लाख २६ हजार ७५१ मतं, आणि त्याच्या खालोखाल ‘नोटा’ला २ लाख १८ हजार ६७४. देशात एवढा नोटा कधी कुठे पडला नव्हता. काँग्रेसने नोटाचाच प्रचार केला होता, त्यामुळे बरीचशी मतं तिकडची, हे खरं. पण माझ्या ओळखीतले दोघं तिकडचे नव्हते. जन्मभर कमळावर बोट ठेवलेली माणसं. “जिंकणारच होतो, मग हा प्रकार कशाला?” असं दोघंही घरात, दार लावून, म्हणत होते. ताईंनी तेव्हा उघड सांगितलं होतं की असं व्हायला नको होतं. या दोघांना ते कुठल्याच बैठकीत म्हणता आलं नाही, म्हणून त्यांनी ते मशीनच्या शेवटच्या बटणाला सांगितलं. भाऊंच्या वाट्याला असं मुकं बटण यायला नको असेल तर खिचडीची प्लेट धरून कुजबुजणाऱ्या त्या चौघांना तुम्ही खुर्चीवर बसवून, हातात माइक देऊन बोलायला लावलं पाहिजे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मतदानाच्या आधी एका रविवारी भाऊंना पुन्हा बोलवा. हार नको, शाल नको, माझ्या घरात अशा सत्कारांच्या सात शाली पडून आहेत, लागल्या तर घेऊन जा. सूत्रसंचालन भाऊंच्या प्रचारात नसलेल्या कुणाकडे तरी द्या. चिठ्ठ्या जशा येतील तशा, न निवडता वाचा. शिवी असेल तेवढीच बाजूला ठेवा. एका माणसाला एक प्रश्न आणि एक उपप्रश्न. उपप्रश्न महत्त्वाचा आहे, कारण “बघतो काकू” नंतर खरी गोष्ट तिथे सुरू होते. आणि भाऊंनी जे सांगितलं ते तारखेसकट लिहून मंडळाच्या फळ्यावर लावा. निवडून आले तर सहा महिन्यांनी तोच कागद घेऊन परत बसू.

माझा प्रश्न आत्ताच देऊन ठेवते, म्हणजे भाऊंना तयारी करता येईल. परीक्षेचा पेपर मी आयुष्यात प्रथमच फोडतेय. मागच्या गल्लीतल्या ड्रेनेज लाइनचा ठेका कुणाला होता, किती रुपयांचा होता, दुरुस्तीची जबाबदारी कोणत्या तारखेपर्यंत आहे, तीनदा रस्ता खणला त्यातल्या कोणत्या खणण्याचे पैसे कुणी दिले, आणि पावसाळ्यात नळाच्या पाण्याला वास येतो त्याची तपासणी कधी झाली? उपप्रश्न उत्तरावर अवलंबून राहील.

भाऊंना हे पत्र तुम्हीच नेऊन द्या. ते रागावणार नाहीत असं मला वाटतं. शिवरायांच्या शेजारी बसवल्यावर मान खाली घालणारा माणूस आहे तो.

मी तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसेन, तिथे पंख्याचा वारा येतो.

तुमची,
काकू

ता. क. – ग्रुपमध्ये परत घेतलं नाही तरी चालेल. सकाळच्या गुलाबाच्या फुलांतून आणि सुविचारांतून सुटले. फक्त नर्मदा किती वाजता येणार तो मेसेज कुणीतरी मला वेगळा पाठवत जा. काल तो न कळल्यामुळे टाकी भरायची राहिली.